हरवलेली पोथी आणि भंडाऱ्याची भेट

१/ घरची छायाचित्रे जपण्यासाठी २ टीबी आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्कचे मिररिंग केले, तर वापरण्याजोगी जागा मिळते २ टीबीच. लहान डिस्कची मर्यादा मोठीवरही येते. असमान पात्रांत एकच ठेवा कसा जपावा? हा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभकाळीही उभा राहिला होता.

२/ चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमंतीत भंडारा येथे त्यांना नीळभट्ट भांडारेकार भेटले. ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ भागात त्यांची हकिकत येते. त्या काळातील पुष्कळ प्रसंगांना पुढचे शिष्य साक्षी नव्हते. स्वामींनी नंतर सांगितले, तेवढेच ऐकणाऱ्यांच्या स्मरणात उरले.

३/ स्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपुरात ग्रंथ आकारास आला.

४/ चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर खिलजी फौजा चालून आल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी लुटली गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. पोथीबरोबर भंडाऱ्याची भेटही हरवली असती.

५/ पण ग्रंथ अनेकांच्या मुखी होता. हीराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या पाठांतून तो पुन्हा उभा राहिला. प्रत्येकाच्या स्मरणाचा आवाका निराळा. तरीही सर्वांत कमी आठवणाऱ्याच्या मापाने ग्रंथ कापला गेला नाही. ज्याच्यापाशी जे होते, ते घेतले गेले.

६/ साहजिकच पाठ जुळेनात. महानुभावांनी तफावत पुसली नाही. भिन्न पाठाला ‘वासना’ म्हणत तो कोणाचा, हेही नोंदवले. त्यामुळे आजचा अभ्यासक पाठ ताडून पाहू शकतो.

७/ १९८८ मध्ये बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ रचनेवरील निबंध मांडला. मिररिंग ही तिची पहिली पातळी. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. म्हणून तारखेनिशी ठेवलेली वेगळी प्रत, तीही दुसऱ्या जागी, आवश्यक ठरते.

८/ नीळभट्टांची हकिकत आज वाचता येते, कारण ती एकाच पोथीच्या भरवशावर राहिली नाही.