शक्य तितक्या लवकर : कलम १७८ चे भाष्य

भारतीय राज्यघटनेचे १७८ वे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. आशय असा : प्रत्येक राज्याच्या विधानसभेने शक्य तितक्या लवकर आपल्या सदस्यांपैकी दोघांना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडावे, आणि यांपैकी कोणतेही पद जेव्हा जेव्हा रिकामे होईल, तेव्हा तेव्हा दुसऱ्या सदस्याची निवड करावी. वाचताना कुठे अडखळायला होत नाही. महाराष्ट्रात गेल्या दहाबारा वर्षांत मात्र या वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दावरून भांडण झाले आहे, म्हणून ते शब्द सुटे करून पाहणे बरे.

प्रत्येक राज्याची विधानसभा

वाक्याचा कर्ता सभागृह आहे. मुख्यमंत्री नाहीत, राज्यपालही नाहीत. १६८ व्या कलमानुसार राज्यपाल हे विधानमंडळाचे एक अंग आहेत. महाराष्ट्रात राज्यपाल, २८८ जणांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद मिळून विधानमंडळ होते. तरी अध्यक्ष निवडण्याचे काम घटनेने एकट्या विधानसभेकडे दिले. परिषदेच्या प्रमुखासाठी १८२ वे कलम वेगळे आहे आणि त्या पदाला मराठीत सभापती म्हणतात. वर्तमानपत्रे ही दोन्ही नावे सर्रास अदलाबदल करून वापरतात. भाष्यकाराने तरी तसे करू नये.

शक्य तितक्या लवकर

इथे थांबावे लागते. घटनाकारांना मुदत घालता येत नव्हती असे नाही. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांचे अंतर पडू नये, हे १७४ व्या कलमात त्यांनी आकड्यात लिहिले. सदस्य परवानगीशिवाय ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला तर त्याची जागा रिक्त ठरवता येते, हेही १९० व्या कलमात आकड्यातच आहे. अध्यक्षनिवडीपाशी मात्र आकडा नाही. सभागृह स्वतःच्या प्रमुखाशिवाय फार काळ राहणारच नाही, असा विश्वास त्यामागे असावा.

तो विश्वास महाराष्ट्राने कसा निभावला ते पाहू. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पुढचा अध्यक्ष निवडला गेला ३ जुलै २०२२ रोजी. जवळजवळ सतरा महिने. मधल्या काळात अधिवेशने झाली, अर्थसंकल्प मंजूर झाला, आणि १८० व्या कलमाप्रमाणे अध्यक्षांचे काम उपाध्यक्ष नरहरी झिरवळ पाहत होते. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित करण्याचा ठराव झाला, तेव्हा आसनावर तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या गैरहजेरीत आसनावर बसण्यासाठी नेमलेल्या यादीतले सदस्य, होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवले : चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेता येत नाही, आणि तसे नेले तर मतदारसंघालाच शिक्षा होते. अध्यक्ष असते तर ठराव झालाच नसता असे म्हणता येणार नाही. बहुमत तेच होते. पण बारा आमदारांना वर्षभर बाहेर काढण्याचा प्रसंग तालिकेवरच्या सदस्याच्या वाट्याला यावा, हे काही त्या आसनाला शोभणारे नव्हते.

शंकाकार म्हणेल, हा अपवाद झाला. उत्तर असे की उपाध्यक्षपद २०१४ च्या निवडणुकीनंतर चार वर्षे रिकामे होते. विजय औटी यांची निवड नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. परिषदेचे सभापतिपद जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ असे रिकामे राहिले आणि उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवले. महाराष्ट्रालाच बोल लावायचे कारण नाही. सतराव्या लोकसभेने, म्हणजे २०१९ ते २०२४ या पूर्ण काळात, उपाध्यक्ष निवडलाच नाही. आणि तिथे लागू असलेल्या ९३ व्या कलमाचा साचा हाच आहे.

उलट बाजूही पाहावी. ३० जून २०२२ रोजी नव्या सरकारचा शपथविधी झाला आणि चौथ्या दिवशी अध्यक्ष निवडले गेले. ‘शक्य’ या शब्दाचा अर्थ इतका लवचीक आहे.

आपल्यापैकी दोघांना

बाहेरचा माणूस चालत नाही. आमदारकी गेली की अध्यक्षपदही जाते. पक्ष सोडण्याची सक्ती कुठेही नाही. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात १९८५ साली सवलत मात्र ठेवली गेली : निवडून आल्यावर अध्यक्षाने पक्षाचे सदस्यत्व सोडले, तर त्याला पक्षांतराचा दोष लागत नाही. दार उघडे आहे, त्यातून जाताना सहसा कोणी दिसत नाही. उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा असे भाषणांमधून ऐकू येते. कलमात त्याचा मागमूस नाही.

याच परिशिष्टाने अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडे सोपवला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहन खटल्यात तो अधिकार मान्य केला, पण अशा वेळी अध्यक्ष हे न्यायाधिकरण असते आणि त्याच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते असेही बजावले. १७८ व्या कलमात ज्यांना केवळ ‘दोघे’ म्हटले, त्यांच्या हाती अशा रीतीने सरकारांचे आयुष्य आले. पद कोणाला मिळते याविषयीची चुरस वाढली ती इथून.

निवडावे

कसे निवडावे हे कलम सांगत नाही. ते २०८ व्या कलमाखाली सभागृहाने केलेल्या नियमांवर सोडले आहे. आपल्या विधानसभेच्या नियमांत निवडणुकीची तारीख राज्यपालांनी ठरवायची असते. म्हणजे घटनेने ज्यांना वाक्याबाहेर ठेवले, ते नियमाच्या वाटेने आत आले. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या सरकारने गुप्त मतदानाऐवजी खुल्या मतदानाचा नियम केला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर आक्षेप घेतला, तारीख मिळाली नाही, निवडणूक राहिली. गंमत अशी की पुढे जुलै २०२२ मध्ये राहुल नार्वेकर अध्यक्ष म्हणून निवडून आले ते खुल्या मतदानानेच, १६४ विरुद्ध १०७.

गुप्त की खुले, यावर माझे मत खुल्याच्या बाजूने आहे, पण ठाम नाही. खुल्या मतदानात पक्षादेश चालतो. आणि पक्षादेशाने निवडलेला अध्यक्ष पुढे पक्षादेश मोडणाऱ्यांचा न्याय करतो, हे मला खटकत आले आहे.

निवडलेला अध्यक्ष आसनावर असताना मतांची मोजणी कशी होते, तेही इथेच नोंदवावे. १८९ व्या कलमाप्रमाणे अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत. समसमान झाले तरच त्यांचे निर्णायक मत. पण बहुतेक ठराव मोजणीपर्यंत पोचतच नाहीत. ‘होय’ आणि ‘नाही’ असा आवाज घेऊन होयचे बहुमत जाहीर होते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी हरिभाऊ बागडे बिनविरोध अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधक मतविभागणी मागत राहिले. सरकार टिकले की नाही हे त्या दिवशी आसनावरच्या कानांनी ठरवले.

जेव्हा जेव्हा रिकामे होईल

पद रिकामे कसे होते ते १७९ वे कलम सांगते. आमदारकी संपली, राजीनामा दिला, किंवा सभागृहाने ठरावाने दूर केले. राजीनामा अध्यक्षाने उपाध्यक्षाकडे आणि उपाध्यक्षाने अध्यक्षाकडे द्यायचा, राज्यपालांकडे नाही. विधानसभा विसर्जित झाली तरी अध्यक्ष नव्या सभेच्या पहिल्या बैठकीच्या क्षणापर्यंत पदावर राहतात.

दूर करण्याच्या ठरावाला १४ दिवसांची नोटीस लागते, आणि बहुमत हजर सदस्यांचे नव्हे तर ‘त्या वेळच्या सर्व’ सदस्यांचे लागते. अध्यक्ष निवडताना गैरहजर राहिलेला आमदार कोणाच्याच खात्यात नसतो. काढताना तोच गैरहजर आमदार अध्यक्षाला वाचवतो.

‘त्या वेळच्या सर्व’ या शब्दांवर २०१६ च्या नबाम रेबिया निकालाचा एक भाग उभा आहे. प्रकरण अरुणाचल प्रदेशाचे. न्यायालयाने म्हटले की स्वतःला हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाने आमदारांना अपात्र ठरवू नये, कारण तसे केले तर ‘त्या वेळचे’ सदस्यच बदलतात. जून २०२२ मध्ये हाच युक्तिवाद झिरवळांविरुद्ध आला : आधी त्यांना हटवण्याची नोटीस, मग त्यांनी तेव्हाच्या सरकारविरुद्ध बंड केलेल्या आमदारांना बजावलेल्या अपात्रतेच्या नोटिसा. याची दुसरी बाजूही दिसते. अपात्रता टाळायची असेल तर अध्यक्षाला हटवण्याची नोटीस देऊन ठेवली की झाले. सर्वोच्च न्यायालयालाही हे जाणवले असावे. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न सातांच्या पीठाकडे पाठवला, आणि आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी वेळेत घ्यावा असे सांगितले. नार्वेकरांनी तो १० जानेवारी २०२४ रोजी दिला.

१८१ वे कलम म्हणते की स्वतःला हटवण्याचा ठराव विचारात असताना त्या माणसाने आसनावर बसू नये. ठराव विचारात; नोटीस नव्हे. म्हणूनच ३ जुलै २०२२ रोजी नव्या अध्यक्षांच्या निवडीची मते मोजली गेली, तेव्हा आसनावर झिरवळच बसले होते.