घर आपले, जमीन कोणाची?

माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेले एक गाठोडे असे. डोंबिवलीतील आमच्या ब्लॉकच्या घरपट्टीच्या पावत्या त्यात ओळीने लावलेल्या होत्या; आधी नगरपालिकेच्या, मग 1983 साली कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली तेव्हापासूनच्या. "हे आपले घर, जपून ठेव," असे म्हणून त्यांनी ते गाठोडे माझ्या स्वाधीन केले. मीही ते देवाच्या पोथीसारखे सांभाळले. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे, एवढी साधी गोष्ट कळावयास मला साठी गाठावी लागली! म्हणून भगिनींनो, यंदा पाककृतीऐवजी हा जरा रुक्ष विषय घेते.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नाही, कारण मुंबईचा नोकरदार भाड्याच्या खोलीत राही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बांधली गेली. भाडेकरूस आधार मिळाला, पण नवी चाळ बांधून भाड्याने देण्यात मालकास राम उरला नाही. मग ओनरशिपचे ब्लॉक विकण्याची चाल पडली, आणि स्वस्त जागेच्या शोधात माणसे ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. या विक्रीत इतके गैरप्रकार माजले की 1963 साली सरकारला खास कायदा करावा लागला. त्यालाच लोक आज 'मोफा' म्हणतात. लेखी करार नोंदविल्यावाचून किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यावयाची नाही, जमिनीची कागदपत्रे व मंजूर नकाशा दाखवावयाचा, रहिवाशांची संस्था स्थापावयाची, आणि करारात दुसरी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत इमारत व जमीन संस्थेच्या नावे करून द्यावयाची, असे त्यात स्पष्ट आहे.

हे शेवटचे कलमच नेमके पुष्कळ ठिकाणी विसरले गेले. जमीन स्वतःच्या किंवा मूळ मालकाच्या नावे राहिली की पुढेमागे वाढीव बांधकामाचा हक्क मिळेल, ही आशा बिल्डरास सुटत नाही. आणि आम्ही रहिवासी? किल्ली हाती आली, गृहप्रवेशाचे पेढे वाटले, की कागद कोण पाहतो!

आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत गळू लागली व ती नव्याने बांधण्याची बोलणी निघाली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "कन्व्हेयन्स झाले आहे का?" सातबारा काढून पाहिला तो त्यावर मूळ शेतमालकाचे नाव. तो वारलेला, बिल्डरही वारलेला, दोघांचे वारस चार गावी. म्हणजे पन्नास वर्षे आम्ही परक्याच्या जमिनीवर तुळशीवृंदावने लावीत होतो.

सुदैवाने 2008 सालच्या दुरुस्तीने यावर तोड काढली आहे. तिला मानीव अभिहस्तांतरण असे अवजड नाव आहे. अर्थ इतकाच की बिल्डर सही करीत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावयाचा, त्यांनी दोन्ही बाजू ऐकावयाच्या आणि हक्क सिद्ध झाल्यास एकतर्फी दस्त नोंदविण्याचा दाखला द्यावयाचा. आम्ही घरोघर करार गोळा केले. कोणाचा बँकेत अडकलेला, कोणाचा वाळवीने खाल्लेला. शेजारच्या वहिनींचा करार तर दिवंगत यजमानांच्या नावे, आणि नोंदविलेलाच नव्हता! त्यांचे तोंड उतरले. "बत्तीस वर्षे हप्ते फेडले ना हो आम्ही," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत.

नव्या घरातही निश्चिंत राहण्याची सोय नाही. 2017 पासून 'रेरा'ची नोंदणी आली. पण आपल्याच कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ती नोंदणीही मिळविली गेली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने अशा 65 इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरे घेतलेल्या कित्येकांना बँकांनी कर्जेही दिलेली होती. बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद तपासलेच असतील, हा आपला समज किती महाग पडतो! कराचेही तेच. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते, वर कराच्या दुप्पट शास्तीही लावू शकते, तरी ते बांधकाम त्याने अधिकृत होत नाही. कायद्यात तसे लिहिलेलेच आहे. म्हणून परवानगीचा क्रमांक घेऊन नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारावे. लाज कसली?

वकिलाचा खर्च परवडत नाही, असे पुष्कळ जणी म्हणतात. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. ठाण्यास जिल्हा प्राधिकरण आहे, कल्याणच्या न्यायालयात तालुका समिती. वहिनींना मी तेथेच घेऊन गेले. त्यांचे प्रकरण अजून चालू आहे. आमच्या संस्थेचा दाखला मात्र मिळाला. दस्त नोंदला गेला, सातबाऱ्यावरील फेरफार तेवढा व्हावयाचा आहे.

अर्जास कोणते कागद लागले त्याची यादी मी एका वहीत लिहून ठेवली आहे. दुपारी चारनंतर मी घरीच असते. येताना आपापला करार तेवढा घेऊन यावे.