समुपदेशकांचे शिक्षण: अर्ज भरण्यापूर्वीचा इतिहास

या टिपणात आपण समुपदेशक-शिक्षणाचा इतिहास पाहणार आहोत. तुम्ही या विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करणार असाल, तर तो तुमच्या थेट कामाचा आहे. एकसारख्या नावांच्या अभ्यासक्रमांची कुळे वेगवेगळी असतात, आणि चुकीच्या कुळात शिरल्याचे बहुधा दोन वर्षे गेल्यावर लक्षात येते.

सुरुवात नोकरीच्या प्रश्नातून झाली. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची संस्था काढली. (पार्सन्स मूळचे इंजिनिअर. वर्गात हे सांगायला मला आवडते.) मुलाची क्षमता, कामाची गरज आणि दोन्हींची सांगड, असा त्यांचा सरळ हिशेब होता. समुपदेशक घडवणे हे विद्यापीठांचे मोठे काम झाले ते मात्र पन्नास वर्षांनी, आणि त्याला निमित्त झाले सोव्हिएत रशियाचे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेले आणि अमेरिका हादरली. सप्टेंबर १९५८ मध्ये तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याच्या पाचव्या भागात शाळांतल्या चाचण्या, मार्गदर्शन आणि समुपदेशकांचे प्रशिक्षण यांसाठी पैसा होता. मुलांचे मन जपणे हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. हुशार मुले हेरून त्यांना विज्ञान आणि इंजिनिअरिंगकडे वळवायचे होते. त्याच वर्षांत सोव्हिएत मदतीने आपल्या भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता: करार फेब्रुवारी १९५५ चा, पहिली ब्लास्ट फर्नेस फेब्रुवारी १९५९ ची.

भारतात हे काम मुंबईत लवकर रुजले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा समाजकार्य संस्थेने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र काढले. १९५० मध्ये मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुदलियार आयोगानंतर, १९५४ मध्ये, दिल्लीत केंद्रीय कार्यालय आले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) किमान अपेक्षा ठेवली ती दहा शाळांमागे एका फिरत्या समुपदेशकाची. तेवढेही सगळीकडे झाले नाही.

यातून तीन कुळे तयार झाली: शिक्षणशास्त्र, समाजकार्य आणि मानसशास्त्र. अर्ज करण्यापूर्वी अभ्यासक्रम कोणत्या विभागाचा आहे ते पाहा. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरून ते कळत नाही. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन डिप्लोमा शिक्षणशास्त्राच्या कुळातला आहे, आणि तो एम.ए. नव्हे. सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने आपल्याच गावी इंटर्नशिप, अशी त्याची रचना राहिली आहे. शाळेत शिकवणाऱ्यांना ती सोयीची पडते. आपल्यासाठी प्रादेशिक संस्था भोपाळची. छत्तीसगड, महाराष्ट्र आणि गोवा तिघेही तिच्याच क्षेत्रात येतात. टाटा संस्थेत किंवा मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राकडे गेलात, तर भर व्यक्तीबरोबरच्या कामावर असतो.

अमेरिकेत जायचे असेल तर शब्द नीट वाचा. तिथे एम.ए. किंवा एम.एस. समुपदेशक होण्यासाठी असते. समुपदेशकांना शिकवणारे बहुधा पीएच.डी.ला घडतात. सीएसीआरईपी या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांत ६० क्रेडिट, १०० तासांचे प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते. भारतात परतून काम करायचे असेल, तर २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसाय कायदाही वाचा. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या काही वर्गांचा उल्लेख या नव्या कायद्यात आहे.

हे सगळे आत्ताच का? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असे सांगितले. कोचिंग क्लासही त्यात आले. भिलाईत नववीपासून कोचिंगला बसणाऱ्या मुलांचे शहर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे किती माणसे लागतील याचा अंदाज येईल. पण त्यांना शिकवणार कोण?

म्हणून स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये ‘मला लोकांना मदत करायला आवडते’ हे वाक्य लिहू नका. ते जवळपास प्रत्येक अर्जात असते. तुम्हाला हुशार मुले योग्य जागी पोहोचवायची आहेत, की मागे पडलेल्यांशी बोलायचे आहे, की हे दोन्ही करणारी माणसे घडवायची आहेत, ते लिहा, आणि त्यासाठी हाच विभाग का निवडला हेही.