सांगलीचा आवाज, लेस्टरचा बँड आणि ‘चाल’ सांगण्याची रीत

(कसबा बावडा येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

रॉक बँड आणि रिमिक्स असा विषय जाहीर झाल्यावर एक शंका येणं साहजिक आहे. बावड्यात बसून विलायतेतल्या बँडची उठाठेव कशाला? कारण साधं आहे. या बँडचं जे गाणं सर्वांत गाजलं, ते ज्यांच्या नावावर उभं आहे त्या गायिका आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मल्या आणि त्यांचं चित्रपटातलं पहिलं गाणं कोल्हापूरच्या चित्रसंस्थेसाठी झालं. दुसरं कारण असं, की त्या गाण्यावरून जो वाद झाला, तो आपल्याकडे दर गणेशोत्सवात डॉल्बीसमोर उभा राहतो. जुनं गाणं घेऊन नवं केलं, तर जुन्याचं मोल वाढतं की जातं?

आधी हकीकत पाहू. आशा भोसले यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा, सांगलीचा. १९४२ साली मास्टर दीनानाथ पुण्यात वारले आणि मंगेशकर कुटुंब काही काळ कोल्हापूरला आलं. मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स तेव्हा इथं काम करत होती. तिच्या ‘माझं बाळ’ या १९४३ च्या चित्रपटात छोट्या आशाचा आवाज पहिल्यांदा पडद्यावर आला. संगीतकार होते दत्ता डावजेकर. पुढचा प्रवास आपल्याला माहीत आहे.

आता थेट लेस्टरला जाऊ. इंग्लंडमधल्या या शहरात १९७२ नंतर युगांडातून हाकलल्या गेलेल्या भारतीयांची मोठी वस्ती झाली. इथंच १९९१ साली एक बँड सुरू झाला, नाव ‘कॉर्नरशॉप’. म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. आशियाई माणूस म्हटला की गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान टाकून बसलेला, असं तिथल्या गोऱ्यांचं ठरलेलं चित्र होतं. बँडने तेच चित्र उचलून पाटीवर लावलं. बँडचा म्होरक्या तजिंदर सिंग, पंजाबी घरातला, इंग्लंडमध्येच वाढलेला. सोबत बेन एअर्स.

१९९७ साली त्यांचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं आलं. ‘आशा’ हा शब्द तिथं दोन्ही अर्थांनी येतो, गायिकेचं नाव म्हणून आणि उमेद म्हणूनही. गाण्याचा विषय आहे पार्श्वगायन, आणि मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. पडद्यावर नाचते एक, गाते दुसरी, आणि जी दिसत नाही तीच घराघरात पोचते. आशाबाईंबरोबर लताबाई आणि रफीसाहेबही त्या गाण्यात येतात. इंग्लंडच्या रॉक संगीतात हे नवीन होतं. साठच्या दशकात बीटल्सनी सतार घेतली, पण ती सजावट म्हणून. इथं पंजाबी घरातला मुलगा, घरात वाजणाऱ्या तबकड्यांना इंग्लंडच्या संगीताचाच एक भाग म्हणून मांडत होता.

पहिल्यांदा हे गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. पण जॉन पील हा बीबीसीचा नामवंत निवेदक होता. त्याच्या श्रोत्यांनी वर्षअखेरीच्या मतदानात त्याला पहिलं स्थान दिलं. मग नॉर्मन कूक, म्हणजे ‘फॅटबॉय स्लिम’, याने त्याचं रिमिक्स केलं. वेग वाढवला, स्वर वर नेला, खाली दणदणीत ठेका घातला. फेब्रुवारी १९९८ मध्ये ते रिमिक्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

इथून वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, बँडचं कर्तृत्व कसलं? यश कूकचं. साठावरून एकवर कोणी नेलं? दुसरा पक्ष म्हणतो, कूकने गाण्यातला निवांतपणा मारून नाचाचं सामान केलं. लोक नाचले, पण आशा कोण हे किती जणांनी विचारलं?

आम्हाला दोन्ही पक्ष अर्धे वाटतात. पहिल्या पक्षाने खप आणि प्रभाव यांची गल्लत केलीय. बँडचा प्रभाव मोजायचा तर एका आठवड्याच्या यादीकडे पाहून चालत नाही, त्याने कोणता दरवाजा उघडला ते पाहावं लागतं. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे, त्याला ‘स्पिन’ या अमेरिकन मासिकाने १९९७ चा सर्वोत्तम अल्बम ठरवलं, आणि ते रिमिक्स पहिल्या क्रमांकावर जाण्याआधी. त्याच अल्बमच्या शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत गायलंय. १९६५ साली ज्या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली, तेच गाणं बत्तीस वर्षांनी पंजाबीत आलं. उधार नेलेली वस्तू व्याजासकट परत आल्यासारखं झालं. आणि गंमत बघा, दुसऱ्याचं गाणं घेऊन नव्याने मांडणं हे खुद्द या बँडनेही केलं. म्हणजे रिमिक्सवाला चोर आणि बँडवाला साव, अशी वाटणी इथं टिकत नाही.

दुसऱ्या पक्षाला आमचं उत्तर असं: कूकच्या तबकडीवर कॉर्नरशॉपचं नाव होतं, आवाज तजिंदरचाच होता, आणि गाण्यातली आशा गाण्यातच राहिली. ज्याला मुळाकडे जायचं होतं, त्याची वाट बंद झाली नव्हती. रिमिक्सची पहिली कसोटी आम्ही हीच मानतो. मागे जायची वाट उघडी आहे का?

आता ही कसोटी आपल्याकडे लावून पाहू. याच काळात भारतातही रिमिक्सची लाट आली होती. १९९६ मध्ये ‘राहुल अँड आय’ या अल्बमात स्वतः आशाबाईंनी राहुलदेव बर्मन यांची गाणी लेस्ली लुईस यांच्या नव्या संयोजनात गायली. जाणकारांनी टीका केली. पण गाणारी तीच होती आणि संगीतकाराचं नाव तर अल्बमच्या शीर्षकातच होतं. उलट २००२ मध्ये ‘काँटा लगा’चं रिमिक्स आलं. मूळ गाणं १९७२ च्या ‘समाधी’तलं, आवाज लताबाईंचा, संगीत पुन्हा बर्मन यांचं, शब्द मजरूह सुलतानपुरींचे. या रिमिक्सची चर्चा झाली ती व्हिडिओमुळे. मजरूह यांचं नाव त्या गोंगाटात कुणी घेतलं? लताबाईंनी पुढे २०१८ मध्येही जुन्या गाण्यांच्या मोडतोडीबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. एकाच घरातल्या दोन बहिणी या वादात दोन बाजूंना दिसतात. म्हणून हा वाद केवळ जुनी पिढी विरुद्ध नवी पिढी असा नाही.

कायदा काय म्हणत होता? पूर्वी मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षं उलटली, की हक्कदाराला सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायला लावली, आणि वेष्टनावर ही मूळ नव्हे तर नवी आवृत्ती आहे असं लिहिणं बंधनकारक केलं. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊन काढून घेता येणार नाही, हेही त्याच दुरुस्तीत आलं. पैशांचा हिशेब त्याने बराच सुधारला. मूळ कुणाचं, हे श्रोत्याला सांगायचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं.

आणि हे काम आपल्याला नवीन नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द दिसतो आणि पुढे कुठल्या तरी आधीच्या पदाची, लावणीची, साकीची खूण. म्हणजे शब्द नवे, चाल जुनी, आणि ती कुठली हे उघड सांगितलेलं. नाटककाराला त्यात कमीपणा वाटला नाही. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या त्या आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी. ठुमरी-दादऱ्याची उत्तरेकडची वळणं त्यांनी मराठी पदांत आणली, आणि पुढे बालगंधर्वांची ती पदं अस्सल मराठी म्हणून मिरवली. आपलं भजनी मंडळ आजही सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतं आणि ‘अमक्या गाण्याच्या चालीवर’ असं सांगूनच म्हणतं. तेव्हा उसनं घेणं ही आपली जुनी रीत आहे. ‘चाल’ हा शब्द गाळणं ही नवी.

मंडळी, मिरवणुकीत हलगी-घुमकं वाजतं, बेंजो वाजतो, डॉल्बी लागते. ‘पिंजरा’तल्या लावण्यांवर ठेका चढवून पोरं नाचतात. नाचू देत. रात्री दहाची मर्यादा आणि आवाजाची पातळी हा वेगळा प्रश्न, त्याला नियम आहेत. पण त्या लावण्या लिहिणारे जगदीश खेबुडकर आपल्या कोल्हापूरचे, पेशाने शिक्षक. संगीत राम कदमांचं, आवाज उषा मंगेशकरांचा. नाचणाऱ्या शंभर पोरांतल्या दहा जणांना तरी ही तीन नावं माहीत असावीत की नसावीत? लेस्टरच्या मुलाला सांगलीच्या मुलीचं नाव माहीत होतं. त्याने ते गाण्यात घातलं आणि रिमिक्सच्या दणदणाटातही ते ऐकू येत राहिलं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. रिमिक्सला सरसकट शिव्या देऊ नका आणि खपावरून त्याची आरतीही ओवाळू नका. गाणं वाजवणाऱ्याला विचारा: चाल कुणाची? मंडळाच्या फलकावर देणगीदारांची नावं मावतात, तिथं गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी दोन ओळी सहज मावतील. यंदा एका मंडळाने हे केलं, तरी पुढच्या वर्षी दुसरं करेल.