मोटरहोममधील विद्युत संरक्षण आणि टायरदाब निरीक्षण

मोटरहोममधील विद्युत संरक्षण आणि टायरदाब निरीक्षण या निवासी मोटारवाहनाच्या सुरक्षिततेशी निगडित दोन व्यवस्था आहेत. मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून घेतलेल्या विजेतील दोषांपासून माणसांचे व उपकरणांचे रक्षण करणे हे पहिलीचे कार्य होय. धावत्या वाहनाच्या टायरमधील हवा कमी होऊ लागताच चालकाला सावध करणे हे दुसरीचे कार्य होय. दोन्ही प्रकारचे बिघाड बाहेरून सहसा दिसत नाहीत आणि लक्षात येईपर्यंत हानी होऊन गेलेली असते. मोटरहोमचा वापर मोठ्या प्रमाणावर असलेल्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन्ही उपकरणांची निवड बहुधा वाहनमालकालाच करावी लागते.

बाह्य वीजजोडणी

अमेरिकेतील मुक्कामतळांवर वाहनासाठी वीजपेटी बसवलेली असते. तेथील जोडण्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ३० अँपिअरच्या जोडणीत फेज, न्यूट्रल व अर्थिंग अशा तीन तारा असतात आणि १२० व्होल्ट दाबाने कमाल ३,६०० वॅट वीज मिळते. ५० अँपिअरच्या जोडणीत दोन फेज, एक न्यूट्रल व अर्थिंग अशा चार तारा असतात. प्रत्येक फेजवर १२० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये २४० व्होल्ट दाब असतो आणि एकूण १२,००० वॅट वीज उपलब्ध होते. युरोपात २३० व्होल्टची, बहुधा १६ अँपिअरची जोडणी निळ्या औद्योगिक प्लगद्वारे घेतली जाते.

विजेतील दोष

वाहनातील सर्किट ब्रेकर जादा प्रवाहापासून तारांचे रक्षण करतो. विद्युतदाब योग्य आहे की नाही, हे त्याला कळत नाही. त्यामुळे पुढील दोष त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

कमी दाब: उन्हाळ्यात अनेक वाहनांची वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू झाल्यावर मुक्कामतळावरील दाब घसरतो. अशा वेळी कॉम्प्रेसरची मोटर अधिक प्रवाह खेचते, तापते व कालांतराने जळते.

तुटलेला न्यूट्रल: ५० अँपिअरच्या जोडणीतील हा सर्वांत विध्वंसक दोष होय. न्यूट्रल तुटल्यास दोन्ही फेजवरील उपकरणे २४० व्होल्टवर एकसर जोडल्यासारखी होतात. एका फेजवर १,५०० वॅटचा आणि दुसऱ्यावर ३०० वॅटचा भार असेल, तर पहिल्या बाजूस सुमारे ४० व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्या बाजूचा दाब सुमारे २०० व्होल्टपर्यंत चढतो.

चुकीची जोडणी: घरी ३० अँपिअरचे सॉकेट बसवून घेताना ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचे आहे असे समजून त्यात २४० व्होल्ट सोडले जाण्याची चूक वारंवार होते. अशा सॉकेटला जोडताच वाहनातील १२० व्होल्टची उपकरणे निकामी होऊ शकतात.

अर्थिंगचा अभाव: रबरी टायरमुळे वाहनाचा सांगाडा जमिनीपासून विलग राहतो. अर्थिंगची तार तुटलेली असताना एखाद्या उपकरणातून गळती झाली, तर वाहनाचे संपूर्ण धातूचे कवच विद्युतभारित होते. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या व्यक्तीने दाराला हात लावल्यास प्राणघातक धक्का बसू शकतो.

संरक्षक उपकरणे

साधा सर्ज प्रोटेक्टर वीज कोसळल्यामुळे अथवा वाहिनीतील बदलांमुळे क्षणभर उसळणारा दाब शोषून घेतो. त्याची क्षमता ज्यूलमध्ये दर्शवतात. प्रत्येक आघातागणिक त्यातील घटक झिजतात, म्हणून तो कायमचा टिकत नाही. दीर्घकाळ कमी अथवा जास्त राहणाऱ्या दाबापुढे तो निरुपयोगी ठरतो.

विद्युत व्यवस्थापन प्रणाली या नावाने ओळखले जाणारे उपकरण अधिक व्यापक असते. ते जोडणीतील न्यूट्रल, अर्थिंग व तारांची अदलाबदल तपासते आणि दाब सामान्यतः १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ व्होल्टच्या वर गेल्यास वीज तोडते. कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब समतोल व्हावा, यासाठी वीज पुन्हा जोडण्यापूर्वी ते सुमारे दोन मिनिटे थांबते.

उपकरणाची क्षमता वाहनाच्या जोडणीनुसार ठरवावी लागते. ५० अँपिअरच्या वाहनाला ५० अँपिअरचेच उपकरण योग्य ठरते. ३० अँपिअरच्या पेटीवर जोडताना अडॅप्टर पेटीच्या बाजूस व संरक्षक उपकरण त्याच्या पुढे लावतात. सुटे उपकरण दुसऱ्या वाहनात नेता येते, परंतु ते चोरीला जाण्याची शक्यता असते. वाहनात कायम बसवलेले उपकरण पाऊस व चोरी यांपासून सुरक्षित राहते. ते योग्य जागी बसवल्यास जनरेटरच्या विजेवरही लक्ष ठेवते.

टायरदाब निरीक्षण: कायदेशीर पार्श्वभूमी

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने लाखो टायर परत मागवल्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘ट्रेड’ कायदा संमत झाला. त्यातून आलेल्या संघीय सुरक्षा मानक १३८ नुसार १ सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांत टायरदाब निरीक्षण प्रणाली सक्तीची झाली. शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाल्यास इशारा मिळावा, अशी तिची अट आहे. मात्र १०,००० पौंडांहून (सुमारे ४,५३६ किलोग्रॅम) अधिक भाराची आणि आसावर जोडचाके असलेली वाहने या मानकातून वगळलेली आहेत. त्यामुळे सर्वांत जड मोटरहोमना ही सक्ती लागू होत नाही.

जोडचाकांतील धोका

मागील आसावर प्रत्येक बाजूस दोन चाके असतात. त्यांपैकी एका टायरमधील हवा गेल्यास शेजारचा टायर संपूर्ण भार उचलतो आणि चालकाला स्टिअरिंगवर काहीच जाणवत नाही. एक टायर अतिभाराने व दुसरा सतत दुमडल्याने तापतो. त्यातून टायर फुटण्याचा किंवा पेट घेण्याचा धोका असतो. मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे चाक पंक्चर झाल्यासही चालकाला ते सहसा कळत नाही.

प्रणालीची निवड

अप्रत्यक्ष पद्धतीत चाकांच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून हवा कमी झाल्याचे अनुमान काढतात. प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक चाकावरील संवेदक दाब मोजून रेडिओलहरींनी चालकाला कळवतो. नंतर बसवायच्या प्रणाली बहुधा प्रत्यक्ष पद्धतीच्या असतात. व्हॉल्व्हवर टोपणासारखा बसणारा संवेदक सहज लावता येतो व त्याची बॅटरी बदलता येते. त्याच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह चिरू नये म्हणून धातूचा व्हॉल्व्ह आवश्यक मानतात. टायरच्या आत बसणारा संवेदक अधिक सुरक्षित असतो, पण त्यासाठी टायर उतरवावा लागतो.

संवेदकांची संख्या चाकांनुसार ठरते. सहा चाकी मोटरहोमला सहा, जादा आस असलेल्याला आठ व ओढलेल्या मोटारीसाठी आणखी चार संवेदक लागतात. मोठ्या मोटरहोमच्या टायरमधील दाब १०० पीएसआय (सुमारे ६९० किलोपास्कल) किंवा अधिक असू शकतो, म्हणून संवेदकाची मापनमर्यादा तपासावी लागते. लांब वाहनात संदेश पुढे पोहोचवण्यासाठी पुनःप्रक्षेपकही बसवतात.

इशाऱ्याची पातळी ठरवण्यापूर्वी भरलेल्या वाहनाचे आसनिहाय वजन करून टायर उत्पादकाच्या भारतक्त्यातून योग्य दाब काढतात. हा दाब टायर थंड असतानाचा असतो. तापमान १० अंश फॅरनहाइटने बदलल्यास १०० पीएसआयच्या टायरमधील दाब सुमारे २ पीएसआयने बदलतो. त्यामुळे प्रवासात वाढलेला दाब पाहून हवा कमी करणे चुकीचे ठरते.

मर्यादा

पेटीत फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असून न्यूट्रल व अर्थिंग एकत्र जोडलेले असतील, तर अर्थिंगच्या तारेतच वीज येते. हा दोष नेहमीच्या संरक्षक उपकरणांना ओळखता येत नाही, शिवाय ती अर्थिंगची तार तोडतही नाहीत. अशा वेळी स्पर्शाविना वीज ओळखणाऱ्या परीक्षकाने पेटी व वाहनाचे कवच तपासणे हाच उपाय असतो. त्याचप्रमाणे टायरदाब प्रणाली टायरचे वय सांगत नाही. मोटरहोमचे टायर पुष्कळदा झिजण्यापूर्वीच जुने होतात. त्यांच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष टायरवरील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत दिलेले असते.

भारतातील स्थिती

भारतात मोटर कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असल्यामुळे अमेरिकी संरक्षक उपकरणे येथे उपयोगी पडत नाहीत.