शेगडा : खानदेशच्या कारागिराला उभे करणारे अवजार

१/ खानदेशचा औद्योगिक इतिहास म्हटला की कापूस, रेल्वे, जिन, प्रेस आणि गिरण्या यांची नावे येतात. ही सारी यंत्रे चालू ठेवणारे एक अवजार मात्र इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. ते म्हणजे शेगडा. फिटरच्या तोंडी त्याचे नाव ‘व्हाइस’. आजचा धागा त्याच्याविषयी. 🧵

२/ शेगड्याची रचना साधी असते. एक जबडा स्थिर, दुसरा सरकता. मधल्या स्क्रूचा दांडा फिरवला की सरकता जबडा पुढे येतो आणि वस्तू दोहोंमध्ये आवळली जाते. टेबलावर बसवला की तो कानस चालवण्यासाठी, आणि मिलिंग, शेपर किंवा ड्रिल मशीनवर बोल्टांनी आवळला की यंत्रकामासाठी.

३/ शेगडा येण्यापूर्वी वस्तू कोण धरीत असे? कारागिराचे पाय. आपला सुतार जमिनीवर बसे, लाकूड पायाच्या बोटांत किंवा टाचेखाली दाबून धरी आणि दोन्ही हातांनी रंधा अथवा पटाशी चालवी. अनेक युरोपीय निरीक्षकांनी या बैठकीला मागासलेपणाची खूण मानले. वस्तुतः ते हवे तसे सैल-घट्ट होणारे एक जिवंत पकडसाधनच होते. बैलगाडीचे चाक, नांगर, मोट, रहाट असे शेतीचे सारे जग या पकडीवर उभे होते.

४/ युरोपातही स्क्रूचा शेगडा फार पुरातन नाही. न्यूरेंबर्गच्या मार्टिन लोफेलहोल्झ याच्या १५०५ च्या हस्तलिखितात स्क्रूने आवळणारा सुताराचा बाक चितारलेला आढळतो. पुढे लोहारांकडे लांब पायाचा शेगडा रूढ झाला. त्याचा पाय जमिनीपर्यंत पोहोचे, त्यामुळे घणाचा आघात टेबलावर न येता जमिनीत उतरे.

५/ खरी क्रांती स्क्रूच्या आट्यांत झाली. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने अचूक आटे पाडणारे लेथ तयार केले. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांचे एक प्रमाण सुचवले. एका कारखान्यातील नट दुसऱ्या कारखान्यातील बोल्टवर बसू लागला, आणि सुटा भाग बदलून यंत्र दुरुस्त करणे शक्य झाले.

६/ आता खानदेशात येऊ. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारने १८६३ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे सुरू झाली. १८६७ मध्ये भुसावळकडून जाणारा मार्ग नागपूरला पोहोचला, तर १८७० मध्ये दुसरा फाटा जबलपूरमार्गे कलकत्त्याशी जोडला गेला. भुसावळ हे मोठे जंक्शन झाले.

७/ रेल्वेबरोबर इंजिने आली आणि इंजिनांबरोबर दुरुस्ती आली. जळगाव, धुळे, अमळनेर या गावांत जिन-प्रेस उभे राहिले. घरोघरच्या रेच्याची जागा वाफेवर चालणाऱ्या जिनाने घेतली. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये पेटंट घेतलेला रोलर-जिन येथे विशेष चालला, कारण तो तंतूला जपून सरकी वेगळी करतो.

८/ या जिनाचे मर्म चामड्याचा रोलर आणि त्याला टेकलेली पोलादी सुरी यांत आहे. चामडे झिजते, त्यावरील खाचा बुजतात, सुरीची धार बोथट होते. दोहोंमधील अंतर थोडे चुकले तरी एक तर रुईत सरकी फुटते, नाहीतर रुई सरकीलाच चिकटून राहते. म्हणून रोलर पुन्हा पुन्हा उतरवावा लागे, सुरी घासावी लागे, एखादा तुटलेला भाग नव्याने घडवावा लागे.

९/ हे काम पायाच्या बोटांत धरून होणे नव्हते. कानस लोखंडावर सपाट चालवायची तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि शरीराचे वजन पुढे टाकता आले पाहिजे. म्हणून शेगड्याचा माथा कारागिराच्या कोपराच्या उंचीला ठेवतात. जमिनीवर बसणारा कारागीर येथे उभा राहिला. त्याच्या शरीराची ठेवणच बदलली, आणि त्याबरोबर भोंग्याची वेळ, हजेरी आणि मजुरीही आली.

१०/ थोडे गणित. स्क्रूचे आटे ५ मिमी अंतरावर आहेत आणि दांड्याची लांबी २०० मिमी आहे असे समजा. एका फेऱ्यात हात सुमारे १२५७ मिमी फिरतो आणि जबडा केवळ ५ मिमी सरकतो. म्हणजे जोर कागदोपत्री सुमारे २५० पट होतो. घर्षणात तीन चतुर्थांश गेला असे धरले, तरी १० किलोच्या ओढीतून ६०० किलोहून अधिक पकड उरते.

११/ आणि हे घर्षण केवळ तोट्याचे नाही. जोर खाणारे तेच घर्षण दांडा सोडल्यावर स्क्रू उलटा फिरू देत नाही. हात काढला तरी पकड कायम राहते. पायाच्या पकडीला हे शक्य नव्हते. तेथे माणूस उठला की पकड सुटली.

१२/ यंत्रावरच्या शेगड्याची एक खोड प्रत्येक मशीनिस्टला ठाऊक असते. आवळताना सरकता जबडा किंचित वर उचलला जातो आणि त्याबरोबर वस्तूही. म्हणून आवळल्यावर वस्तूवर लाकडी किंवा तांब्याच्या हातोडीने हलके ठोके देऊन ती खाली बसवतात. हे ज्ञान पुस्तकातून कमी आणि उस्तादाच्या हातातून अधिक आले.

१३/ महाराष्ट्रात यंत्रे घडवण्याचा ध्यास घेणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर स्थापन झाली आणि तेथे लेथ बनू लागले. स्वातंत्र्यानंतर, १९५० पासून, कारागीर-प्रशिक्षणाची सरकारी योजना आली. आजही आयटीआयमधील फिटरचा पहिला धडा शेगड्यापाशीच सुरू होतो : लोखंडाचा तुकडा आवळा आणि त्याची एक बाजू गुण्यात येईपर्यंत कानसीने घासा. जातीच्या आणि घराण्याच्या बाहेर ही विद्या जाण्याची वाट या धड्याने रुंद केली.

१४/ आता मुद्दा आपला, इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा. गिरणीमालकांची नावे रस्त्यांना आणि संस्थांना आहेत. हंगामाच्या ऐन भरात बंद पडलेला जिन रात्रीतून चालू करणाऱ्या फिटरचे नाव कोठे आहे? त्याने रोजनिशी लिहिली नाही. त्याचा लेख म्हणजे त्याचा शेगडा : जबड्यावरचे घाव, झिजलेले आटे, दोनदा सांधलेला दांडा.

१५/ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यात झाले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. वाळवीच्या तोंडी जाणारी दप्तरे त्यांनी माळ्यांवरून आणि पेट्यांतून वाचवली, म्हणून मराठ्यांचा इतिहास लिहिता आला. आज बंद जिनांतील अवजारे किलोच्या भावाने भंगारात जातात. तीही दप्तरेच आहेत, केवळ लोखंडी. वितळली की त्यांची नक्कल उरत नाही.

१६/ आपल्या गावात जुना जिन, प्रेस किंवा वर्कशॉप असेल तर तेथील शेगड्याचे छायाचित्र घ्या. त्यावर कोरलेले नाव आणि साल टिपा. तो वापरणारे वृद्ध कारागीर भेटले, तर त्यांचे बोलणे त्यांच्या परवानगीने नोंदवून ठेवा. खानदेशच्या यंत्रयुगाचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याची सुरुवात या नोंदींपासून करावी लागेल. धागा समाप्त. 🙏