‘पहिली’ शस्त्रक्रिया आणि तिच्याआधीची दोन वर्षं

संशोधनाचा विषय शोधायला लागलं की आपण हमखास ‘पहिलं’ काहीतरी शोधतो. स्त्रीरोगांतल्या तातडीच्या उपचारांचा इतिहास घेतलात, तर तुमच्या वहीत पहिल्याच दिवशी एक नोंद होईल : १८८३, बर्मिंगहॅम, लॉसन टेट. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला, नळी फुटली, पोटात रक्तस्राव सुरू झाला. टेटने पोट उघडून नळी काढली आणि बाई वाचली. (आपल्या आनंदीबाई जोशी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेही हेच साल.)

नोंद बरोबर आहे. पण लगेच पुढे जाऊ नका, दोन वर्षं मागे या.

१८८१चा उन्हाळा. हॉलराइट नावाचा एक साधा जनरल प्रॅक्टिशनर टेटला आपल्या एका रुग्णाकडे बोलावतो. हॉलराइटचं निदान बरोबर असतं : नळी फुटली आहे. तो सरळ सुचवतो की पोट उघडा आणि फुटलेली नळी काढून टाका. टेट म्हणजे पोटाच्या शस्त्रक्रियांत इंग्लंडातल्या नावाजलेल्या हातांपैकी एक. तो ऐकून चक्रावतो आणि नकार देतो. पुन्हा रक्तस्राव होतो, बाई जाते. शवविच्छेदनात टेटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, की रक्तवाहिन्या बांधून नळी काढली असती तर ती वाचली असती.

आता विचारा, १८८१ मध्ये नेमकं कमी काय होतं? भूल देणं १८४०च्या दशकापासून सुरू होतं. बीजकोश काढण्याच्या शस्त्रक्रिया टेट १८७२ पासून करत होता. कल्पनाही नवी नव्हती. न्यू यॉर्कच्या स्टीफन रॉजर्सने १८६७ मध्येच हा उपाय मांडला होता. फिलाडेल्फियाच्या जॉन पॅरीने १८७६ मध्ये अशा गर्भधारणेच्या ५०० केसेस गोळा केल्या, त्यांत साधारण दोनतृतीयांश बायका दगावलेल्या होत्या. म्हणजे ज्ञान होतं, हत्यारं होती, आकडेसुद्धा होते.

इथे ‘डॉक्टर भित्रे होते’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. थांबा जरा. पॅरीचाच आकडा उलटा वाचा : एकतृतीयांश बायका जगल्या होत्या. कधीकधी रक्तस्राव आपोआप थांबायचा, ओटीपोटात रक्ताची गाठ धरायची आणि ती हळूहळू विरायची. समोरची बाई कुठल्या गटातली हे सांगणारी रक्ततपासणी नव्हती, सोनोग्राफी नव्हती. वाट पाहणं हा मूर्खपणा नव्हता, एक हिशेब होता. माझ्या मते त्या हिशेबात आणखी एक गोष्ट गुपचूप धरलेली असायची : अंथरुणात मेली तर आजाराने मेली, टेबलावर मेली तर सर्जनने मारली.

जानेवारी १८८३ मध्ये टेटने शेवटी पोट उघडलं. तीही बाई मेली! हे वहीतल्या नोंदीत नसतं. चूक क्रमाची होती. आधी चिकटलेले भाग सोडवत बसला, आणि तेवढ्या वेळात रक्त जात राहिलं. मार्चमधल्या पुढच्या शस्त्रक्रियेत तो थेट मुळाशी गेला, रक्तवाहिन्या आधी बांधल्या, बाकीचं नंतर. ही बाई जगली. आपण जिला ‘पहिली’ म्हणतो ती ही.

टेटचा पुतळा उभारायचीही घाई नको. निर्जंतुकीकरणाचं लिस्टरचं शास्त्र त्याला मान्य नव्हतं, तो नुसत्या स्वच्छतेवर भागवायचा. आणि त्याचा हात बसला तो बीजकोश काढून काढून. त्यांतल्या किती शस्त्रक्रिया खरंच गरजेच्या होत्या, यावर त्याच काळात जोरदार भांडणं झाली. एका बाईला वाचवणारं कौशल्य दुसऱ्या बायकांच्या शरीरावर कमावलेलं होतं. प्रबंधात हे पान वगळू नका, गाइड कितीही म्हणोत.

साधनांबद्दल एक सांगते. १८८१ची गोष्ट आपल्याला कळते ती बहुतांशी टेटमुळेच. त्याने आपल्या व्याख्यानांत ती सांगितली, नकाराची लाज वाटते हेही कबूल केलं, आणि ती व्याख्यानं १८८८ मध्ये पुस्तकरूपात आली. म्हणजे ही हार सांगितली जातेय जिंकल्यानंतर. कबुली प्रामाणिक असेलही, पण ती पुढच्या यशाला उठावही देते. त्यामुळे वाचताना दोन रकाने करा : त्या दिवशी खोलीत काय माहीत होतं, आणि शवविच्छेदनानंतर काय कळलं. टेट लिहिताना हे दोन्ही सहज मिसळतो. हॉलराइटचं म्हणणं आपल्यापर्यंत टेटच्याच तोंडून येतं. आणि त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना ‘पोट उघडू का?’ असं कुणी विचारलं होतं का, या प्रश्नासाठी तिसरा रकाना आखा. तो बराचसा रिकामा राहील, तरी आखा.